नाताळच्या आधीचा आठवडा, चार वर्ग आणि मी एकटी

दोन शिक्षकी शाळेत नोकरी करणाऱ्या प्रत्येकावर कधी ना कधी चारही वर्ग एकट्याने सांभाळायची वेळ येते. माझ्यावर ती २०२५च्या डिसेंबरात आली, तीही नेमकी नाताळच्या आधीच्या आठवड्यात. त्या आधी मी बरीच विचारपूस केली होती. प्रत्येकाने धीर दिला, पण कुठला कागद कधी करायचा, मुलांना रोज काय द्यायचं, खर्च कुठून करायचा हे सलग सांगणारं कोणी भेटलं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी मूळची अमळनेर तालुक्यातली, अहिराणीत वाढलेली. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड होऊन २०२४ साली नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. मानधन महिना १६,००० रुपये. शाळेचा पट ३७: पहिलीत आठ, दुसरीत अकरा, तिसरीत दहा, चौथीत आठ. मुलांच्या घरची भाषा मावची. जवळपास दोन तृतीयांश घरं ख्रिस्ती आहेत, बाकीची डोंगऱ्या देव या आदिवासी दैवताला मानणारी. मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे ४ डिसेंबरला, डोंगऱ्या देवाचा उत्सव आटोपला होता आणि पाड्यावर नाताळची लगबग सुरू झाली होती. घरं सारवून झाली होती. संध्याकाळी प्रार्थनामंदिरात गाण्यांचा सराव चाले, तो रात्री उशिरापर्यंत.

आमच्या मोठ्या सरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख १५ डिसेंबरला मिळाली. ११ तारखेला त्यांनी मला बसवून चाव्या, नोंदवह्या, पोषण आहाराचं रजिस्टर सगळं ताब्यात दिलं. सर २४ तारखेपर्यंत रजेवर. मी पंचांग बघितलं आणि पोटात गोळा आला. २० ला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी, २२ ला राष्ट्रीय गणित दिन, २४ ला साने गुरुजी जयंती, २५ ला नाताळ, २६ ला वीर बाल दिवस, म्हणजे गुरू गोविंदसिंगांच्या धाकट्या मुलांच्या हौतात्म्याचा दिवस. प्रत्येक दिवसाचं परिपत्रक येतं, प्रत्येकाचा अहवाल आणि फोटो लागतो. शिवाय आदल्या वर्षी त्या आठवड्यात हजेरी अर्ध्यावर आलेली मी पाहिली होती. मुलं घरच्या कामाला लागतात, रात्रीच्या सरावाने सकाळी डोळे उघडत नाहीत, आणि आलेली मुलंही मनाने शाळेत नसतात.

त्या रात्री मी दोन वाटांचा विचार करत बसले. एक, पाठ्यपुस्तक रेटायचं. दुसरी, आठवडा सोडून द्यायचा आणि नववर्षात भरून काढायचं. दोन्ही मनाला पटेनात. शेवटी ठरवलं की मुलांचे हात घरी ज्या कामात आहेत, तेच काम शाळेत आणायचं आणि वाचन, लेखन, मोजमाप त्यातूनच काढायचं. वेगळा अभ्यास आणि वेगळा कार्यक्रम असं काही ठेवायचंच नाही. पुढचं सगळं या एका निर्णयातून आलं.

शुक्रवारी, १२ तारखेला शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावली. या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, पण कोणत्या वेळी बोलावलं तर बायका येतात हे कायद्यात नसतं. आमच्याकडे संध्याकाळी पाच. तेव्हा शेतातून आलेल्या असतात आणि चूल पेटायची असते. त्या वेळेला नऊ जण आले.

मला या सभेची खरी धास्ती होती. सरकारी शाळेत नाताळ म्हटल्यावर प्रश्न येणार हे माहीत होतं, आणि आलेच. एका वडिलांनी विचारलं, "मॅडम, मग डोंगऱ्या देवाचं शाळेत का नाही केलं?" दुसरीकडून, "नाताळ आमच्या घरी होतोच, शाळेत कशाला?" दोन्ही प्रश्न योग्य होते. मी संविधानाच्या अनुच्छेद २८ बद्दल सांगितलं: पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचं शिक्षण देता येत नाही. म्हणून शाळेत सणाची प्रार्थना, उपासना, विधी काही होणार नाही. मुलं आपापल्या घरचा सण सांगतील, लिहितील, त्यासाठी हाताने काही बनवतील. ज्यांच्या घरी डोंगऱ्या देव आहे ती मुलं त्याच्याबद्दल लिहितील, तेही त्याच भिंतीवर लागेल. आणि २४ तारखेला साने गुरुजी जयंती आहे, तिच्या निमित्ताने सगळं मांडू. बोलणं मराठीत चाललं होतं, तेव्हा मागे बसलेल्या एका आजीने मावचीत काहीतरी विचारलं. अंगणवाडीच्या ताईंनी उलगडून सांगितलं: जेवण असणार का? त्यावर सगळे हसले आणि सभा सैल झाली.

ठराव मी असा लिहिला, कोणाला उपयोगी पडला तर जसाच्या तसा घ्या: "दि. २४ डिसेंबर रोजी साने गुरुजी जयंतीनिमित्त विद्यार्थ्यांच्या लेखन व हस्तकलेचे प्रदर्शन आणि नाताळनिमित्त तिथी भोजन आयोजित करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे. कार्यक्रमात कोणतेही धार्मिक विधी होणार नाहीत. सहभाग ऐच्छिक राहील." शेवटची दोन वाक्यं घालाच. सूचक, अनुमोदक आणि उपस्थितांच्या सह्या तिथेच घ्या. दुसऱ्या दिवशी सहीसाठी घरोघर फिरलात तर अर्धे शेतात असतात.

सोमवारी, १५ तारखेला, आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना दोन पत्रं दिली. एक कार्यक्रमाच्या माहितीचं, त्याला ठरावाची प्रत जोडून. दुसरं कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता, शिक्षक मिळण्याबाबत. दोन्हीची पोच दुसऱ्या प्रतीवर घेतली. पहिल्याचं उत्तर गुरुवारी संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आलं, सहीची प्रत शुक्रवारी. दुसऱ्या पत्राचं काय होतंय ते शनिवारपर्यंत कळलं नाही, शेवटी सोमवार-मंगळवार दोन दिवसांसाठी शेजारच्या शाळेतले एक सर मिळाले. तोवरचे दिवस मी चारही वर्ग एका खोलीत घेतले. दुसरी खोली बंद ठेवली की नजर एकाच ठिकाणी राहते आणि आवाजही कमी होतो. एकटे असाल तर हेच करा. मुलांना गोलात बसवा, फळ्याचे चार भाग करा.

मंगळवारी साने गुरुजींची गोष्ट सांगितली. गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा, पण शिक्षक झाले ते आमच्या अमळनेरला, प्रताप हायस्कुलात. १९२४ ते १९३० ही वर्षं ते तिथे होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते रोज हाताने लिहून दैनिक काढत. एवढं ऐकून तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "रोज? हाताने?" आणि मला हवं ते मिळालं. विचारलं, आपण आठवडाभर काढायचं का?

बुधवारी, १७ तारखेला, पहिला अंक निघाला. एका मोठ्या कार्डशीटचे चार भाग. पहिलीची मुलं चित्र काढणार आणि खाली एक शब्द. दुसरीची एक वाक्य. तिसरीची बातमी. चौथीची मुलं बाकीच्यांचं ऐकून लिहून घेणार, शुद्धलेखन तपासणार, म्हणजे संपादक. नियम एकच ठेवला: काल स्वतः पाहिलेलं किंवा केलेलंच लिहायचं. मावचीत लिहिलं तरी चालेल, देवनागरीत लिहायचं आणि शेजारी मराठीत काय होतं ते चौथीच्या कोणीतरी लिहायचं.

पहिल्या दिवशी पाऊण तास गेला आणि अर्धी जागा रिकामी राहिली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायच्या आधी चार मुलं बातम्या घेऊन ओट्यावर उभी होती. कोणाच्या घरी शेळी व्यायली होती. कोणाच्या मोठ्या भावाने चर्चसाठी तारेवर दिवे चढवताना शिडीवरून उडी मारली होती. एकाने लिहिलं, "आमच्या घरी नाताळ नाही, पण मी गाणी म्हणायला जातो, तिथे चहा मिळतो." दुसऱ्याने डोंगऱ्या देवाच्या रात्रींचं लिहिलं, त्याच्या आजोबांनी पावरी वाजवली ते. जी मुलं वर्गात मराठी वाक्य बोलताना अडखळत, तीच स्वतःची बातमी नीट लिहिली जावी म्हणून शब्द विचारायला माझ्याकडे येऊ लागली. सारवणे, पेंढा, पाहुणे, उसनवार हे शब्द त्या आठवड्यात दुसरीने उचलले, आणि ते मी शिकवले असं मला म्हणता येणार नाही. त्यांना ते हवे होते.

वाचनाची नोंदही मी याच अंकावर ठेवली. रोज सकाळी परिपाठानंतर कालचा अंक मुलांनीच वाचायचा. कोण अक्षर अक्षर लावून वाचतं, कोण शब्द सलग वाचतं, हे निपुण भारत अभियानातल्या वाचनाच्या स्तरांप्रमाणे वहीत टिपत गेले. वेगळी चाचणी घ्यावी लागली नाही.

गुरुवारपासून हजेरीत एक बदल दिसला. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली काही कुटुंबं नाताळासाठी परतू लागली. आमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन दोन राज्यांच्या सीमेवर आहे, एकाच फलाटाचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. तिथे उतरून जीपने लोक पाड्यावर येतात. शुक्रवारी सकाळी चौथीतली एक मुलगी दारात उभी राहिली. दिवाळीनंतर गेली होती, दीड महिना शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. तिने दार धरून विचारलं, "मॅडम, मी बसू?" तिचं नाव पटावर होतंच. तिला जवळ घेतलं तेव्हा तळहात खरखरीत लागले, उसाच्या पाचटाने कापल्याच्या रेघा होत्या. दहा वर्षांची पोर.

तिच्यासोबत आणखी दोघं आली, एक दुसरीतला, एक पहिलीतली. इथे कागदाचं सांगते, कारण हे फार जणांकडून राहून जातं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड असतं. मूल जाताना ते भरून द्यायचं, त्यावर त्याची इयत्ता, शिकण्याचा स्तर, शाळेची माहिती असते, आणि जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवून मूल वर्गात बसू शकतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ते बरं चालतं. सीमा ओलांडली की माध्यम बदलतं आणि अडचण होते. तिन्ही मुलांची कार्डं मी त्याच दिवशी मागवून पाहिली. नाताळ संपला की ही मुलं पुन्हा जाणार होती, हे मनात धरून पुढचे दिवस त्यांना काय देता येईल तेवढं द्यायचं ठरवलं.

त्या मुलीने त्या दिवशीच्या अंकात उसाच्या मोळ्यांवर लिहिलं. आई किती मोळ्या बांधते, वडील किती, रात्री गाडी भरायला किती वाजता उठवतात. मोळ्यांची बेरीज तिने पाटीवर न मांडता तोंडी सांगितली आणि ती बरोबर होती. चौथीच्या मुलांनी तिला विचारून विचारून एका आठवड्याचा हिशेब मांडला. तो गुणाकाराचा सर्वात चांगला तास ठरला.

शनिवारी, २० तारखेला, सकाळची शाळा आणि दप्तराविना आनंददायी शनिवार. गाडगेबाबांची पुण्यतिथीही तीच. १९५६ साली याच तारखेला बाबा गेले. मुलांना सांगितलं, बाबा गावात आले की आधी झाडू हातात घेत, कीर्तन नंतर. मुलांनी शाळेपासून हातपंपापर्यंतचा रस्ता झाडला, प्रार्थनामंदिराबाहेरची जागा आणि खळ्याकडची बाजूही. तोंडाला रुमाल बांधायला लावा, डिसेंबरात धूळ फार उडते. फोटो एक काढला, अहवाल चार ओळींचा दिला. रोज एकच फोटो, तोही मुलं कामात असताना, हा नियम मी आठवडाभर पाळला. नाहीतर एकट्या माणसाचा अर्धा दिवस फोटोतच जातो.

रविवारी नवापूरच्या बाजारातून पतंगाचा कागद, दोरा, मैदा, कार्डशीट आणि छोट्या एलईडी माळा आणल्या. संध्याकाळी आईचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "तुन्हा शाळामा नाताळ बी व्हस का वं?" मी म्हटलं, होतो, आणि गुरुजींची जयंतीही. "मग बरं शे," म्हणाली.

सोमवारचा दिवस या आठवड्यातला माझा सगळ्यात आवडता. राष्ट्रीय गणित दिन, श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस, १८८७ चा. चौथीला १७२९ ची गंमत दाखवली: १० × १० × १० केलं आणि त्यात ९ × ९ × ९ मिळवलं तर १,००० अधिक ७२९. आणि १२ × १२ × १२ मध्ये एक मिळवला तरी तेच. मुलांनी पाटीवर करून पाहिलं, दोघांनी तर दोनदा. मग चांदण्या करायला घेतल्या.

पाड्यावर प्रत्येक ख्रिस्ती घरावर नाताळात कामट्यांची चांदणी लागते. एका मुलाचे वडील सकाळी घरचा बांबू घेऊन आले आणि ओट्यावर बसून विळ्याने कामट्या चिरून दिल्या. पातळ, सारख्या, कुठे कूस राहू नये म्हणून पायाच्या बोटात धरून घासलेल्या. मुलं त्यांच्याभोवती गोल करून बसली होती. त्यांना मी विचारलं, एका चांदणीला किती कामट्या? त्यांनी मुलांकडे बोट केलं, "त्यांनाच सांगू दे."

चार गट केले, प्रत्येकात चारही वर्गांची मुलं. सपाट चांदणीला पाच लांब कामट्या, आणि फुगीर चांदणी करायची तर अशा दोन, म्हणजे दहा. चार चांदण्यांना चाळीस. दोन चांदण्या एकमेकींवर ठेवून पाचही टोकं बांधायची आणि आतल्या पाच फुल्यांवर छोटे तुकडे उभे अडकवायचे, म्हणजे पोट फुगतं. तिसरीच्या मुलांनी पट्टीने ६० सेंटिमीटर मोजून खुणा केल्या, छोट्या तुकड्यांना ८ सेंटिमीटर. पहिलीची मुलं दोरा बांधायच्या जागा मोजत होती: बाहेर पाच टोकं, आत पाच फुल्या, मिळून दहा. दुसरीने तो दहाचा आकडा चांदणीच्या दोन्ही बाजूंना धरून पुढे मोजला.

मग मी चौथीला विचारलं, यात त्रिकोण किती? पाच, असं उत्तर लगेच आलं. टोकांचे पाच. मी काहीच बोलले नाही. थोड्या वेळाने ऊसतोडीवरून आलेली ती मुलगी बोट फिरवत म्हणाली, "मॅडम, हा मोठा पण आहे." एक सापडल्यावर पाचही मोठे सापडले. एकूण दहा. मधे पंचकोन. पुस्तकात भूमितीची ही आकृती असती तर त्यांनी तिच्याकडे इतका वेळ पाहिलं नसतं. ज्याला टोक बांधायचंय त्याला कोन कळतोच, कारण कोन चुकला की दोरा सुटतो.

कागद लावायला मैद्याची खळ केली. ती गार होऊ द्यावी, नाहीतर पतंगाचा कागद फाटतो. कागद कापताना कामटीपेक्षा बोटभर जास्त ठेवायचा. वाळायला रात्रभर लागते, म्हणून हे काम दोन दिवस आधी घ्या, आदल्या दिवशी नको. कामगिरीवर आलेल्या सरांनी त्या वेळात पहिली-दुसरीचे उरलेले तास घेतले. त्यांची मोठी मदत झाली.

मंगळवारी सकाळी गोष्टीचा तास. नाताळ म्हणजे काय हे मी सांगितलं नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी सांगायचं, ज्यांच्या घरी नाही त्यांनी प्रश्न विचारायचे. दुसरीतल्या एका मुलाने मावचीत सांगितलं आणि चौथीतल्या मुलीने मराठी केलं: योसेफ आणि मरिया बेथलेहेमला आले, राहायला जागा नव्हती, बाळ गव्हाणीत ठेवलं, मेंढपाळ आले, पूर्वेकडून मागी लोक ताऱ्याच्या मागे आले. प्रश्न सुरेख होते. थंडी होती का? गव्हाणीत बाळाला टोचलं नसेल का? त्यावर डोंगऱ्या देवाच्या घरातला एक मुलगा म्हणाला, नव्या भाताचा पेंढा टोचत नाही, आमचं वासरू त्यावरच ठेवतो, ऊब राहते. ते वाक्य त्या दिवशीच्या अंकात मथळ्याला गेलं.

एका मोठ्या मुलाने मोबाइलवर पाहिलेल्या लाल टोपीच्या सांताबद्दल विचारलं. चौथ्या शतकात आताच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी निकोलस नावाचे धर्मगुरू होते, गुपचूप मदत करण्याबद्दल त्यांच्या कथा आहेत, त्यांच्यावरून तो आला, एवढं सांगितलं. टोपी मात्र आणली नाही. आमच्या पाड्यावर नाताळ टोपीशिवाय पूर्ण होतो.

दुपारनंतर तिथी भोजनाची तयारी. पोषण आहारात ही सोय आहेच, गावकरी सणावाराला मुलांना जेवण किंवा जोडपदार्थ देऊ शकतात. आम्ही नेहमीच्या भाताला जोड म्हणून शिरा आणि वांग्याचं भरीत ठरवलं. वांगी एका आईने शेतातून आणली. स्वयंपाकाच्या मावशींनी तुराट्यांवर ती भाजली, कांद्याची पात, मिरची, लसूण, शेंगदाणे घालून ठेचली. वास असा सुटला की रस्त्यावरचे लोक थांबले. कोणी काय दिलं, किती मुलं जेवली याची नोंद करायची, आणि मुलांच्या आधी आपण व एका पालकाने चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची. सणाच्या गर्दीत हे विसरायला होतं, म्हणून वही चुलीशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवा.

२४ तारखेला, बुधवारी, हजेरी ३५ होती, ऊसतोडीची तिघं धरून. गेल्या वर्षीची हजेरी डोळ्यासमोर होती, म्हणून तो आकडा लिहिताना मला बरं वाटलं. परिपाठाला साने गुरुजींची प्रार्थना झाली, मुलं ती रोजच म्हणतात. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून गुरुजींनी १९४७ साली उपोषण केलं, हे चौथीतल्या एका मुलाने चार वाक्यांत सांगितलं. भिंतीवर दैनिकाचे सगळे अंक ओळीने लावले होते. पालक वाचायला आले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना त्यांच्याच मुलांनी वाचून दाखवलं. एका बाईने मुलीला तीच बातमी पुन्हा वाचायला लावली, मोळ्यांची.

चर्चचे पाळकसाहेबही आले होते, एका मुलाचे आजोबा म्हणून. त्यांनी भाषण केलं नाही, मुलांसोबत पंगतीत बसले. डोंगऱ्या देवाची पावरी वाजवणारे आजोबा त्यांच्या शेजारी. मोठे सर काळा चष्मा लावून तासभर येऊन गेले. माझ्या मनातली धास्ती पंगत उठल्यावर गेली, त्याआधी नाही. चार चांदण्यांपैकी एक शाळेच्या दारावर ठेवली, तीन मुलांनी चिठ्ठ्या टाकून घरी नेल्या.

खर्च सांगते. कागद, दोरा, मैदा २१० रुपये. कार्डशीट आणि स्केचपेन १६०. चार माळा ४००. रवा, साखर, तेल, तूप, वेलदोडे ६४०. एकूण १,४१०. पैकी कागद-कार्डशीटचे ३७० रुपये शैक्षणिक साहित्य म्हणून संयुक्त शाळा अनुदानातून, पावतीसह. उरलेल्या १,०४० पैकी ७०० रुपये समितीने गोळा केले आणि ३४० मोठ्या सरांनी दिले. माळा आणि खाऊ अनुदानात टाकू नका, लोकसहभागाच्या वहीत लिहा, देणाऱ्याची सही घ्या. शिक्षणसेवकाच्या मानधनात स्वतःच्या खिशातून किती घालायचं याची मर्यादा आधीच ठरवा आणि समितीला मोकळेपणाने सांगा. सांगितलं की लोक देतात.

२६ तारखेला हजेरी अकरा होती. वीर बाल दिवसाची गोष्ट सांगितली, अहवाल दिला, दैनिकाचे अंक काढून पुठ्ठ्यात शिवले. आता ते वाचनकोपऱ्यात आहेत आणि मुलं पुस्तकांआधी तेच उचलतात.

ऊसतोडीची तिन्ही कुटुंबं २ जानेवारीला निघणार असं कळल्यावर ३१ तारखेला कार्डं भरून तयार केली. स्तराच्या रकान्यात नुसती खूण न करता काय येतं ते एका ओळीत लिहिलं: "जोडाक्षरांसह सलग वाचते, तीन अंकी गुणाकार करते." सोबत मराठीचं पुस्तक, एक कोरी वही आणि पेन्सिली दिल्या. चौथीतल्या मुलीने स्वतःहून विचारलं, तिकडून बातम्या पाठवल्या तर लावाल का? तिच्या वडिलांच्या मोबाइलवर आठवड्यातून एकदा वहीच्या पानाचा फोटो काढून पाठवायचं ठरलं. पहिलं पान १० जानेवारीला आलं. कार्डाच्या झेरॉक्स दोन काढा, एक शाळेत ठेवा आणि एक मुलाच्या आईकडे द्या. प्रवासात कागद तीच सांभाळते.